चव्वेचाळीस बार, कागदाशिवाय

५ जानेवारी, रविवार

सकाळी सुबोधचा फोन. "शाम्या, तुला पाठांतर येतं ना अजून?"

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी म्हटलं, "येतं. ऐकणारं कोणी उरलेलं नाही, एवढंच." मी संस्कृत शिकवायचो त्या शाळेने ते बंद करून फ्रेंच आणलं, त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी शब्दरूपं फक्त आंघोळ करताना चालवतो.

"मग ये घरी. एक पीस पाठ करायचाय. तेवीस फेब्रुवारीला वाजवायचाय, कागद न ठेवता."

तेवीस फेब्रुवारी म्हणजे मिंगेल मास्तरांचा स्मृतिदिन. मास्तर गोव्याचे, राहायला घाटकोपरला. मुलुंड-भांडुपच्या कित्येक पोरांना त्यांनी व्हायोलिन नाहीतर त्याचा थोरला भाऊ सेलो शिकवला. दर वर्षी त्यांचे शिष्य एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात, प्रत्येकजण काहीतरी वाजवतो आणि मग सगळे पॅटिस खातात. सुबोध तिथे आजवर कागद पाहूनच वाजवत आला. तीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांमागे सेलो वाजवला, तोही कागद पाहूनच. धंद्यात त्याचं नावच त्यासाठी होतं. पान पुढ्यात ठेवा, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागू द्या, हा पहिल्या वाचनात वाजवून मोकळा. संध्याकाळी पानं गोळा करून नेत. डोक्यात काही ठेवायची त्याला गरजच पडली नाही.

म्हणजे माझ्या बरोबर उलट. माझ्या डोक्यात सगळं आहे, गोळा करायला कोणी येत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

पान पाहिलं. तीनशे वर्षांपूर्वी कोणा जर्मन ऑर्गनवाल्याने एकट्या सेलोसाठी लिहिलेला प्रेल्यूड, आपल्या भाषेत उपोद्घात. साथीला कोणी नाही, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. उभ्या रेघांनी पाडलेले चव्वेचाळीस कप्पे. सुबोध त्यांना बार म्हणतो. बहुतेक प्रत्येकात सोळा स्वर, सगळे सारख्या लांबीचे. पान म्हणजे मुंग्यांची रांग.

"यात गाणं कुठे आहे?"

"गाणं नाहीच्चे. एकच पॅटर्न. सूर बदलत जातात, चाल तीच."

"मग कुठे काय संपतं हे कळायचं कसं?"

"तेच तू सांगायचं ना. तुम्ही संस्कृतवाले लोक दीड-दीड पानाचं एकेक वाक्य सोडवता."

हे खरं आहे. तसल्या वाक्यात क्रियापद शेवटच्या ओळीत दडून बसलेलं असतं. ते आधी धरायचं, मग बाकीचे शब्द मुकाट आपापल्या जागी जातात. मी विचारलं, शेवटचा सूर कोणता? जी. पहिला? जी. ठीक, तोच आपला सा. मग त्याने मला पाच रेघांचं वाचन शिकवलं. सगळ्यात खालच्या रेघेवर सा, तिच्या वरच्या रेघेवर ग, मग प. तासाभरात मी अडखळत वाचू लागलो आणि मुंबईतला एकेकाळचा सर्वांत तयार वाचक खुर्चीत डोळे मिटून ऐकू लागला.

मी म्हटलं, "तूच वाच की. माझ्या वेगाने गेलं तर पुढचा फेब्रुवारी उजाडेल."

"वाचलं की मी वाजवून मोकळा होतो रे. पाठ होत नाही. तू वाच."

"यूट्यूबवर ऐक मग."

"ऐकून चाल कळते, बोटं कळत नाहीत."

याला विद्यार्थी म्हणावं की संस्थानिक, हे अजून ठरलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

पहिले चार बार झाले. गंमत अशी की त्यांत खालचा सा हलतच नाही. वर सूर बदलतात, पण दर वेळी गज पुन्हा त्याच 'सा'वर येतो. माणूस चपला घालून दारात उभा आहे, निरोप घेतोय, निघत नाही. शिवाय प्रत्येक बारचा दुसरा अर्धा म्हणजे पहिल्याचीच उजळणी. लहानपणी मी जायचो त्या वेदपाठशाळेत गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. जर्मनाला हे कोणी सांगितलं कोण जाणे.

येताना मुलुंड पूर्वेची आमची जुनी बिल्डिंग होती तिथे उगाच थांबलो. आता तिथे अठरा मजले आहेत आणि खालचा वॉचमन मला कुरियरवाला समजला. पूर्वी तीन मजले होते. गच्चीवरून मिठागरं दिसायची, पांढरे ढीग ओळीने, संध्याकाळी गुलाबी होणारे. गच्चीत मधोमध पाण्याची टाकी. टाकीच्या अलीकडे मी घोकत बसायचो, पलीकडे सुबोध मास्तरांनी दिलेला सेलो घासायचा. दोघंही दुसऱ्याचा आवाज बुडवायला जोर लावायचो. त्याचे वडील दत्ताराम मिलमधून आले की खालूनच ओरडायचे, "काय रे ह्यां म्हशीयेवढां हाडलंस? कापूस पिंजतंस की वाजयतंस?" आणि मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत ऐकायचे. सुबोधला अजून वाटतं की ते बिडी ओढायला बसत.

सहा-सात वर्षं आम्ही असे एकमेकांना पाठ करून बसलो. त्या काळात त्याने हाच प्रेल्यूड वाजवला असणार, आणि मी ऐकला असणार. एक सूर आठवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

भाजीबाजारात सुबोध दिसला. समोरून आला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. मी म्हटलं, "कलाकार ओळख विसरले वाटतं?" तेव्हा वळला. "अरे शाम्या, तुझ्याच घरी निघालो होतो, तिळगूळ द्यायला." माझं घर उलट्या दिशेला आहे. स्कूटरसुद्धा विकून टाकली म्हणे. चालणं तब्येतीला चांगलं.

त्याला घरी घेऊन आलो. तो गेल्यावर हे माणिकला सांगितलं. नवऱ्याच्या मित्रांबद्दल बायकांचं मत असतं तसं तिचंही आहे. पण आज म्हणाली, "त्याने मला तिळगूळ दिला ना, तो माझ्या हाताच्या शेजारी दिला. खाली पडला."

धांदरट आहेच तो पहिल्यापासून.

२१ जानेवारी, मंगळवार

आराखडा सापडला. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवावं लागेल.

ग्रंथाचं तात्पर्य शोधायला मीमांसकांनी काही खुणा सांगितल्यात. सुरुवात आणि शेवट जुळतात का पाहा, पुन्हा पुन्हा काय येतं ते पाहा, नवीन काय आलं ते पाहा. मी त्याच लावल्या. सुबोधच्या डायनिंग टेबलावर पानं पसरली, नलिनीवहिनींच्या शिवणकामातला खडू घेतला आणि खुणा केल्या.

पहिले चार बार दारात. पाचव्याला खालचा सा सुटतो, माणूस निघाला. तिथून बाविसापर्यंत प्रवास, कधी या सुराच्या ओसरीवर, कधी त्या. तेविसाव्याला थांबा, आख्ख्या पानावरचा एकमेव लांब सूर, आणि तो आहे प. म्हणजे निम्म्या वाटेवर माणूस घरापासून पार दुसऱ्या टोकाला आहे. चोविसापासून परतीची खटपट. तेहेतिसापासून खाली प धरून ठेवलाय आणि वर सूर पायरीपायरीने चढतायत, मधल्या अर्ध्या पायऱ्याही न गाळता, अकरा बार. ऐकणाऱ्याला कळतं की आता सा येणार. येत नाही. आता येणार. नाही. चव्वेचाळिसाव्याला येतो.

सा, प, सा. एवढंच क्रियापद. बाकी सगळी विशेषणं.

सुबोधने डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "पन्नास वर्षं सेलो धरतोय. हे मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. पानं परत देत बसलास."

हसला. मग म्हणाला, "खुणा जरा मोठ्या कर. आणि पानं मोठी झेरॉक्स करून आण ना. ए-थ्री." मी म्हटलं, नवाब साहेबांसाठी होर्डिंग करून आणतो.

२५ जानेवारी, शनिवार

घात करणारी जागा सापडली. नववा बार आणि सत्ताविसावा बार. दोघांचे पहिले आठ स्वर हुबेहूब सारखे. नवव्यानंतर वाट थांब्याकडे उतरते, सत्ताविसाव्यानंतर चढणीकडे. सुबोध सत्ताविसाव्याला पोहोचतो आणि नवव्याची वाट धरतो. मग पुन्हा थांबा, पुन्हा चोवीस, पुन्हा सत्तावीस. आज चार वेळा फिरला, चेकनाक्यावरच्या रिक्षासारखा. घरी जायचंय, वळण सापडत नाही.

अशा जुळ्या जागा आमच्याकडेही होत्या, त्यावर उपायही होते. एक क्रमपाठ. पद एकेकटं पाठ करायचं नाही, जोडीने करायचं. पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. म्हणजे पदं नव्हे, सांधे पाठ होतात. आणि जुळ्या जागी गुरुजी आमचं मनगट धरून दाबायचे. पुढे मनगटालाच कळायचं.

"माझे दोन्ही हात गुंतलेत," सुबोध म्हणाला.

"पाय मोकळे आहेत ना? सत्ताविसाला डावा अंगठा दाब."

"मास्तर असते तर हाकलून दिलं असतं तुला."

"माझ्या गुरुजींनी तुला ओसरीवरच चढू दिलं नसतं. फिटंफाट. सव्वीस-सत्तावीस, चल."

दोन तास सांधे केले. माणिकचं म्हणणं की सुबोधकडे जायच्या दिवशी मी दाढी करतो. योगायोग आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायचं की नाही, यावर संध्याकाळ गेली. लिहितो.

गेले आठ दिवस मला एक गोष्ट खटकत होती. सुबोध पाठ आहे म्हणतो, पण मोठी पानं स्टँडवर लावून बसतो. मी म्हणायचो, काढ ती. तो म्हणायचा, असू दे, समोर असली की बरं वाटतं. माझी खात्री झाली की हा चोरून पाहतोय. कॉपी करणारी पोरं मी तीस वर्षं पकडली आहेत. म्हणून आज तो आत पाणी प्यायला गेला तेव्हा मी सगळी पानं काढली आणि त्यांच्या सोसायटीची नोटीस लावली. पाइपलाइनच्या कामामुळे मंगळवारी दहा ते चार पाणीपुरवठा बंद.

आला, बसला, नोटिशीकडे तोंड करून वाजवू लागला. सव्वीस बार बिनचूक. मी तोंडावर रुमाल धरून बसलेलो. सत्ताविसाला अडला. "थांब हं, बघू दे," म्हणाला. पुढे वाकला. मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. बोट उचलून कागदावर टेकवलं, 'पाणीपुरवठा'च्या आसपास, आणि म्हणाला, "हां. इथे मी चुकतो. इथून वर जायचंय."

मी हसलो. म्हणजे हसायला सुरुवात केली.

नलिनीवहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. मी तसाच उठलो, नोटीस काढली, पानं लावली. सुबोध म्हणाला, "काय रे, पानं का हलवतोस?" मी म्हटलं, वाऱ्याने.

खाली सोडायला वहिनी आल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबून म्हणाल्या, "आठ महिने झाले, श्यामभाऊजी. डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले तेही कमी होत जाईल."

"मला का नाही सांगितलं? मी चेष्टा करीन म्हणून?"

"चेष्टा बंद कराल म्हणून. ते म्हणाले, शाम्या एकदा गंभीर झाला की मग मी आजारीच."

३ फेब्रुवारी, सोमवार

बाजारात माझ्या आवाजावर वळला होता. तिळगूळ माणिकच्या हाताशेजारी. स्कूटर. ए-थ्री.

माणिकला सांगितलं. तिला संक्रांतीपासून संशय होता. "मग बोलली का नाहीस?" "मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. आठवड्यातून तीनदा जाता."

९ फेब्रुवारी, रविवार

मंगळवारी गेलो नाही, शुक्रवारी गेलो नाही. फोन आला की कणकण आहे म्हणून सांगितलं. आज माणिकने छत्रीचं टोक पाठीत खुपसावं तशा आवाजात विचारलं, "त्याच्या कार्यक्रमाला चौदाच दिवस राहिले ना?"

गेलो. स्टँड काढून ठेवला होता. सुबोध खिडकीशी.

"ये. कणकण बरी?"

"बरी."

"मंगळवारी पाणी कितीपर्यंत बंद होतं रे? मी विसरलो."

वहिनींनी सांगितलं असणार. चेष्टेची अट मला ठाऊक होती. म्हटलं, "दहा ते चार. तू सव्वीस बार वाजवलेस तिच्यावर. सोसायटीच्या सेक्रेटरीला कळलं तर पुढची नोटीस चालीत काढेल."

तो हसला. पोटातून, गच्चीवर हसायचा तसा. मग थोडा वेळ दोघंही खिडकीबाहेर पाहत होतो, आपापल्या परीने.

म्हणाला, "हजारो पानं वाजवली असतील शाम्या. पहिल्या वाचनात. लोक म्हणायचे, सुबोधला कागद दाखवा. आणि रोज संध्याकाळी तो माणूस पिशवी घेऊन यायचा, पानं गोळा. आता आठवायला बसलो की काहीच येत नाही. एक तरी गोष्ट आत राहू दे. हा वाचता येतोय तोवर करायचा म्हणून सुरुवात केली, तर वाचणं डिसेंबरातच बंद पडलं. म्हणून तुला फोन."

"एवढ्या मोठ्या मुंबईत मीच सापडलो?"

"कागदाशिवाय जगलेला दुसरा कोणी ओळखीचा नाही."

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "सव्वीस-सत्तावीस. अंगठा."

१६ फेब्रुवारी, रविवार

सलग आठ दिवस जातोय. तेहेतीसपासून पुढे त्याला शिकवावं लागत नाही. त्या चढणीत प्रत्येक सूर मागच्याला धक्का देतो. पहिले चारही पक्के. मधलं अजून निसटतं. सत्तावीस कधी येतं, कधी नाही. दहात सात.

मी सारखं माझं शाळेतलं सांगत असतो. आज कळलं की मी न थांबता पाऊण तास धातूंच्या गणांवर बोललो आणि त्याने ऐकून घेतलं. वहिनींनी मध्ये चहा आणला, तोही ऐकत ऐकतच ठेवला. सभ्य माणसं आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये साठेक माणसं. बहुतेकांचे केस पांढरे, हातांत पेट्या. सुबोध सातवा. त्याच्या आधीच्या यज्ञेशने, तोही मास्तरांचाच, उठताना स्टँड तसाच ठेवला. सुबोधला तो खुर्चीशी लागला. हातानेच बाजूला सरकवला, बसला. कोणाला वेगळं वाटलं नाही. कलाकार स्टँड सरकवतातच.

मी पहिल्या रांगेत, मांडीवर पानं. बोट पहिल्या बारवर.

दारातला निरोप. पाचव्याला निघाला. नववा बरोबर, थांब्याकडे उतरला. तेविसाव्याचा प त्याने इतका लांब धरला की मागे कोणाची तरी खुर्ची वाजली ते ऐकू आलं. चोवीस, पंचवीस, सव्वीस. माझं बोट आणि तो एकत्र चालले होते. सत्ताविसाचे पहिले आठ स्वर. बूट हलला, मी पाहिलं. अंगठा दाबला त्याने.

आणि तो कुठल्याच वाटेला गेला नाही. नवव्याचीही नाही, चढणीचीही नाही. माझं बोट पानावर उभं राहिलं. जे वाजत होतं ते पानावर नव्हतं. चाल तीच, सोळा स्वर, मग आणखी सोळा, जरा खाली बसून, खिडकीशी थांबल्यासारखे. मग ते कुठून तरी वळले आणि अठ्ठाविसाव्या बारच्या तोंडाशी आले, जणू तिथेच निघाले होते. माझं बोट पुन्हा चालू लागलं. चढण. सा येणार, येत नाही. येणार, नाही. आला.

टाळ्या झाल्या. तीनशे वर्षांपूर्वी त्या जर्मनाने लिहिलेले बार चव्वेचाळीस. आज सेहेचाळीस वाजले. हॉलमध्ये सगळे मास्तरांचे शिष्य, एखाद्याच्या लक्षात आलंही असेल. कोणी बोललं नाही.

परत येताना रिक्षात मधली जागा सेलोची. आम्ही त्याच्या दोन बाजूंना. भांडुपला पलीकडून आवाज आला.

"सत्ताविसाला काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. पाठशाळेत खोटं बोलून कोणाचं पाठांतर वाचलेलं पाहिलं नाही.

"दोन बार जास्त."

"कुठले?"

"कुठलेच नाहीत. पानावर नाहीत."

"वाईट होते?"

"नाही."

"शाम्या, खरं सांग."

"सांगतोय ना. मी बोट ठेवून बसलो होतो. नव्हते वाईट."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पानं घेऊन गेलो. म्हटलं, सत्तावीस वाजव. त्याने वाजवला, आणि पुढे तेच दोन बार आले. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच, स्वर न् स्वर. तिसऱ्यांदाही.

"लागली वाट," तो म्हणाला. "चूक पाठ झाली."

पोथ्या छापणारे लोक फार सोशिक असतात. एखाद्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या दोन शब्द वेगळे म्हणतात असं आढळलं, तर ते खोडत नाहीत. खाली बारीक अक्षरात नोंद करतात, अमुक ठिकाणचा पाठभेद. आणि ठिकाणाचं नाव देतात.

मी त्याला सावकाश वाजवायला लावलं आणि बत्तीस स्वर पानाच्या तळाशी सारेगमात उतरवून घेतले. पेनने. पुढे लिहिलं: सत्ताविसाव्यानंतर दोन बार अधिक, मुलुंडचा पाठ. मोठ्याने वाचून दाखवलं.

"वाचणार कोण ते?" सुबोध म्हणाला.

मी पेनाला टोपण लावलं. "तू वाजव. बरोबर येतंय का, ते मी बघतो."